ठाण्याहून जुन्नर: दोन दिवसांत काय पाहावे आणि काय सोडावे?

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार जोडून जुन्नरला जाण्याचा आमचा विचार आहे. माझी ७२ वर्षांची आई, सहावीत शिकणारी मुलगी, यजमान आणि मी असे चौघे असू. गाडी घरचीच आहे. पायऱ्या चढताना आईचे गुडघे दुखतात, मात्र सपाटीवर ती तासभर आरामात चालते आणि जुनी देवळे, जुन्या वस्तू पाहण्याची तिला मनापासून आवड आहे.

जुन्नरच का, तेही सांगते. दहा वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीच्या बसने अष्टविनायक केले होते. लेण्याद्रीला पोहोचल्यावर पाऊण तासात खाली बसपाशी या, असे बजावण्यात आले. धापा टाकत पायऱ्या चढलो, रांगेत उभे राहून दर्शन घेतले आणि तशाच घाईने उतरलो. गिरिजात्मजाचे देऊळ ज्या दालनात आहे ते मुळात बौद्ध भिक्खूंचे निवासस्थान होते आणि त्याच्या शेजारीच एक मोठे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आहे, हे परतीच्या वाटेवर एका सहप्रवासी बाईंनी सांगितले तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. मी तिथे प्रत्यक्ष उभी राहून आले होते आणि शेजारी काय आहे ते पाहिलेही नव्हते. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

यंदा मुलीला शाळेत प्राचीन भारताचा इतिहास आहे. सातवाहनांबद्दल वाचून झाल्यावर तिने मला विचारले, की नाणेघाट आपल्या ठाणे जिल्ह्यात आहे की पुणे जिल्ह्यात. मला उत्तर देता आले नाही. जिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो शिवनेरीही तिला पाहायचा आहे.

दोन दिवसांत शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट आणि ओझर हे सगळे नीट पाहून होईल का? होणार नसेल, तर काय सोडावे? नाणेघाटाच्या लेण्यापर्यंत आईला नेता येईल का? खुद्द जुन्नर गावात थांबून पाहण्यासारखे काही आहे, की ते केवळ मुक्कामाचे ठिकाण आहे? भराभर पाहून येण्याची चूक मला पुन्हा करायची नाही, म्हणून चार ठिकाणांऐवजी दोनच झाली तरी चालतील.

घाटवाट (डोंबिवली) यांचे उत्तर

ताई, मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तिला उत्तर मिळाले की सहलीचा क्रम आपोआप लागतो. नाणेघाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात आहे आणि माथा पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात. सोपारा, कल्याण आणि ठाण्याच्या खाडीत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने घाटावर चढत असे आणि जुन्नरवरून पुढे पैठणकडे, म्हणजे त्यांच्या प्रतिष्ठान नगरीकडे, जात असे. तेव्हा तुम्ही ठाण्याहून कल्याण, मुरबाड करत जुन्नरला निघाल तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांच्याच दिशेने निघालेल्या असाल. फरक एवढाच, की ते वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढत आणि आपण थोडे पुढे जाऊन माळशेज घाटाने चढतो.

हे ध्यानात ठेवले तर जुन्नर म्हणजे एक किल्ला आणि दोन गणपती एवढेच उरत नाही. कोकणातून चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला घाटमाथ्यावर लागणारी ती पहिली मोठी बाजारपेठ होती. लेणी तिथे इतक्या संख्येने का खोदली गेली, किल्ले दाटीने का उभे राहिले आणि निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र होताना आपला कारभार तिथूनच का चालवला, या सगळ्याचे मूळ त्या वाटेत आहे. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले नकाशावर मांडून पाहिलेत, तर घाटापासून जुन्नरपर्यंत पहारा कसा बसवला होता ते मुलीलाही चटकन समजेल.

आता रस्त्याविषयी. ठाण्याहून पहाटे साडेपाचला निघावे, कारण कल्याणचा शहाड पूल सकाळी सातच्या आत ओलांडला नाही तर म्हारळ, कांबा या पट्ट्यातच वेळ जातो. रायत्याला उल्हास नदी ओलांडली की रस्ता मोकळा होतो. न्याहारी मुरबाडला किंवा सरळगावला करावी. टोकावडे मागे पडले की उजव्या हाताच्या डोंगररांगेकडे मुलीला लक्ष ठेवायला सांगा. कड्याचे जे टोक अंगठ्यासारखे उभे दिसते त्याला नानाचा अंगठा म्हणतात आणि त्याच्याच कुशीत नाणेघाटाची खिंड आहे. तिथे गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन पाच मिनिटे थांबावे. खालून तो कडा पाहिलेला असला, म्हणजे दुपारी वर पोहोचल्यावर माणसे आणि बैल एवढे चढून कसे येत असतील, हा प्रश्न मुलीच्या मनात आपोआप उभा राहील.

माळशेज चढून गेल्यावर पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी लागते. तिथे खुबी फाट्यावरून डावीकडे आत गेले की हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर गाव येते. गावाजवळ नागेश्वराचे जुने दगडी देऊळ असून त्याच्या मंडपाच्या छतावर अतिशय सुरेख कोरीव काम आहे. तिथे चढण नाही, त्यामुळे तुमच्या आईंना ते निवांत पाहता येईल. या देवळासाठी अर्धा-पाऊण तास खर्च करणे मला योग्य वाटते. तिथून महामार्गावर परत येऊन गणेश खिंडीच्या रस्त्याने जुन्नर गाठावे.

पहिल्या दिवशी दुपारी नाणेघाट करावा, असे माझे मत आहे. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर या मार्गाने खिंडीच्या माथ्यापर्यंत वाहन जाते. हे अंतर तीस किलोमीटरहून थोडे अधिक असले तरी वळणांमुळे तास-सव्वा तास धरावा. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून दाखवतात. लेणे मात्र तिथे नाही. खिंडीतून कोकणाच्या बाजूला काही मिनिटे उतरावे लागते आणि ही उतरण उंचसखल दगडांची आहे. आईंना हाताला धरून, सावकाश, एखादी काठी देऊन नेता येईल, पण त्यांनी नको म्हटले तर आग्रह करू नये. खिंडीच्या तोंडाशी बसूनही खालचे मुरबाडचे सगळे खोरे दिसते. पावसाळ्यात वाऱ्याने उलटे उडणारे पाणी पाहायला तिथे खूप गर्दी होते, जानेवारीत ती नसते आणि हवाही स्वच्छ असते.

शिवनेरीसाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ ठेवावी. ओझर मी या वेळी सोडले असते.

ओतूरकर (वाशी) यांचे उत्तर

माझा जन्म ओतूरचा. वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माझी २६ वर्षे गेली. वर ‘घाटवाट’ यांनी व्यापारी मार्गाविषयी जे लिहिले ते वाचून मला फार आनंद झाला, कारण आमच्या तालुक्यातला कांदा, टोमॅटो आणि पालेभाजी घेऊन रात्री माळशेज उतरून येणाऱ्या गाड्या मी आयुष्यभर पाहत आलो आहे. माझे चुलते अशी गाडी चालवत असत. त्यांना सातवाहनांची माहिती नव्हती, पण माल खाली जातो आणि पैसा वर येतो, हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे. तुम्ही पहाटे कल्याणहून वर जात असाल तेव्हा समोरून रिकाम्या क्रेटचा नव्हे तर भरलेल्या मालाचा टेम्पो येताना दिसला, तर तो बहुधा आमच्याच भागातला असेल.

ताईंनी विचारले आहे, की गावात पाहण्यासारखे काय आहे. बहुतेक पाहुणे गावातून फक्त जातात, थांबत नाहीत, आणि याचे मला वाईट वाटते. जुन्नरला जुन्या पेठा आहेत आणि त्यांतल्या एकीचे नाव कल्याण पेठ असे आहे. ठाण्याकडच्या माणसाने निदान त्या पेठेतून एकदा चालत जावे. मराठी दप्तरांत ज्याचा उल्लेख येतो तो जुन्नरी कागद याच गावात हाताने बनत असे. पूर्वेला हापूसबागेकडे सौदागर घुमट नावाची भव्य दगडी कबर आहे. सौदागर म्हणजे व्यापारी, हे मुलीला अवश्य सांगा. आजूबाजूला शेत, मधे तो मोठा घुमट आणि तिथे आपल्याशिवाय कोणी नाही, असा तो देखावा आहे. आईंना एकही मोठी पायरी चढावी लागणार नाही. त्याच बाजूला हबशी महालही आहे. मलिक अंबरच्या काळात निजामशाहीचा कारभार काही वर्षे जुन्नरहून चालला, त्या दिवसांची आठवण अशा वास्तूंच्या नावांतून राहिली आहे.

शिवनेरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक घाई करतात. जुन्नरमधून गाडी गडाच्या पायऱ्यांच्या जवळ जाते. पुढे महादरवाजापासून एकामागून एक सात दरवाजे लागतात. पायऱ्या बांधीव असल्या तरी चढ बराच आहे. निरोगी माणसाला थांबत थांबत तास पुरतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरताना फार त्रास होतो. आईंनी पहिल्या दरवाजापर्यंत येऊन तिथल्या झाडांच्या सावलीत बसावे, असे मी सुचवीन. मुलीने आणि तिच्या वडिलांनी सकाळी सातलाच चढायला सुरुवात करावी. शिपाई दरवाजाच्या पुढे शिवाई देवीचे देऊळ लागते, ते चुकवू नये. देवीच्याच नावावरून महाराजांचे नाव ठेवले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वर अंबरखाना, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, शिवकुंज, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव आणि शेवटी कडेलोटाचे टोक आहे. टाक्यांतले पाणी आणि धान्याचे कोठार आधी पाहावे आणि मग जन्मस्थानाकडे जावे, म्हणजे गड कशाच्या बळावर टिकत असे ते समजते. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर सतराव्या शतकात कल्याणवरून जुन्नरला आला होता, आणि हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा साठा गडावर असल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगावी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म या गडावर झाला, पण मोठेपणी हा गड त्यांना कधीच घेता आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहरावर छापा घालून घोडे आणि द्रव्य नेले, तरीही गड मोगलांकडेच राहिला. तो मराठ्यांकडे आला शाहू महाराजांच्या काळात, १७१६ मध्ये. लहानपणी जेव्हा मला हे समजले तेव्हा मी कितीतरी वेळ गडाकडे पाहत बसलो होतो. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत जे बारा मराठा किल्ले आले, त्यांत शिवनेरी आहे, याचा आम्हा तालुकावासीयांना फार अभिमान वाटतो.

बिबट्याविषयी स्पष्ट लिहितो, घाबरवण्यासाठी नव्हे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आल्यावर आमच्याकडे उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्याला लपायला व पिल्ले वाढवायला तोच ऊस सोयीचा झाला. गावकरी रात्री एकटे बाहेर पडत नाहीत, पाहुण्यांनीही पडू नये. दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे, उसाच्या कडेला गाडी थांबवून उतरू नये आणि मुलीला पुढे पळू देऊ नये. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथे पकडलेले आणि जखमी बिबटे ठेवतात. ते प्राणिसंग्रहालय नव्हे, त्यामुळे सहलीत ते धरू नका.

मुक्कामाला जुन्नरमध्ये साधी, स्वच्छ लॉज आहेत. नारायणगावात अधिक पर्याय मिळतील, मात्र सकाळचा वेळ वाचवायचा तर जुन्नरच बरे. जेवताना मासवडी मागा. नावात मास असले तरी ती पूर्ण शाकाहारी आहे. बेसनाच्या पोळीत सुके खोबरे, तीळ, कांदा आणि लसूण यांचे सारण भरून तिच्या वड्या पाडतात आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढतात. रस्सा आईंसाठी वेगळा, कमी तिखट मागून घ्यावा.

अक्षरवाट (ऐरोली) यांचे उत्तर

मी गेली चार वर्षे हौसेने ब्राह्मी लिपी शिकत आहे आणि त्या निमित्ताने जुन्नरला सहा वेळा जाऊन आले आहे. लेण्यांविषयी वर कमी लिहिले गेले आहे, म्हणून तेवढेच लिहिते.

जुन्नरभोवतीच्या टेकड्यांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. महाराष्ट्रात इतकी लेणी एका गावाभोवती क्वचितच सापडतील. वेरूळ-अजिंठ्यासारखी शिल्पे किंवा रंग इथे नाहीत. बहुतेक लेणी साधी आहेत आणि म्हणून लोक निराश होऊन परततात. इथे वाचायचे असते. कोणी काय दान दिले, ते भिंतीवर लिहिलेले आहे, आणि देणारे पुष्कळसे राजे नव्हते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे लोकांनी पैसे ठेव म्हणून दिल्याचे उल्लेख आहेत. इरिल, चिट आणि चंद अशी नावे असलेल्या तीन यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दाने आहेत: पहिल्याने टाकी दिली, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप दिला आणि तिसऱ्याने चैत्यगृहाचा दर्शनी भाग. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप (शक राजा) नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे आणि त्यात ४६ हे वर्षही दिलेले आहे.

ताई, तुमच्यासाठी यातला सर्वांत मोलाचा लेख लेण्याद्रीलाच आहे. गणपतीचे देऊळ क्रमांक ७ च्या लेण्यात आहे. ते एकाही खांबाचा आधार नसलेले प्रशस्त दालन असून त्याच्या तीन बाजूंना भिक्खूंसाठी २० खोल्या आहेत. त्याला लागूनच क्रमांक ६ चे चैत्यगृह आहे, म्हणजे तुम्ही दहा वर्षांपूर्वी जे पाहू शकला नाहीत तेच. त्या चैत्यगृहाच्या दानलेखात दात्याचे नाव आहे सुलसदत, तो हेरणिकाचा मुलगा, आणि राहणारा कल्याणचा. हेरणिक म्हणजे सोन्याचांदीचा व्यवहार पाहणारा, सोनार किंवा खजिनदार. आपल्या खाडीकाठच्या एका माणसाने घाट चढून जाऊन ते चैत्यगृह कोरवून घेतले. मी तो लेख पहिल्यांदा अक्षर अक्षर लावून वाचला आणि ‘कलिअण’ हा शब्द लागला, तेव्हा मला रडू आले होते. रोज लोकलमध्ये ज्या स्थानकाचे नाव पुकारले जाते, ते तिथे दगडात होते.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. डोलीची सोय असते, पण ती सकाळी लवकर गेल्यास मिळण्याची शक्यता अधिक. लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते आणि दालनात दिव्याची फारशी गरज पडत नाही. माकडे पुष्कळ आहेत. हातात पिशवी ठेवू नये.

आईंसाठी मात्र मी तुळजा लेणीची शिफारस करीन. शिवनेरीच्या पश्चिमेला पाडळीच्या बाजूला ही लेणी आहेत आणि चढ लेण्याद्रीच्या मानाने अगदी थोडा आहे. तिथे वर्तुळाकार चैत्यगृह आहे: मधे स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखे छत. असे गोल चैत्यगृह डोंगरात खोदलेले फारच क्वचित पाहायला मिळते. चैत्यगृह म्हटले की लांबट, मागे अर्धगोल झालेले दालन डोळ्यांसमोर येते, जसे कार्ल्याला आहे. तुळजा लेणीतले त्याहून निराळे आणि बरेच जुने आहे. स्तूपाला प्रदक्षिणा घालताना खांब जवळ येतात आणि मागे जातात, तो अनुभव वर्णन करून सांगण्यासारखा नाही.

मानमोडीला मुलीला घेऊन जाऊ नये. तिथे आग्या मोहोळाची पोळी असतात, आणि अत्तर, धूर किंवा आरडाओरडा झाला तर माश्या उठतात.

नाणेघाटाबद्दल मुलीच्या दृष्टीने दोन गोष्टी. लेण्यातील मागच्या भिंतीवर पूर्वी सातवाहन घराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. सिमुक, सातकर्णी आणि राणी नागनिका, राजपुत्र, महारठी त्रनकयिर यांची नावे वर कोरलेली होती. आता पुतळे गेले आहेत, काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाजूच्या भिंतींवर जो मोठा लेख आहे त्यात नागनिकेने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाण्यांची यादी आहे. यादी आहे म्हणून आकडे आहेत, आणि भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. तिथे शून्य नाही. शंभरासाठी वेगळी खूण आणि हजारासाठी वेगळी. आपल्या आजच्या पद्धतीने १७०० लिहिणे तेव्हा शक्य नव्हते, हजाराच्या खुणेजवळ सातशेची खूण मांडावी लागे. सहावीतल्या मुलीला हे ओळखण्यात फार रस वाटेल. जाण्यापूर्वी ब्राह्मी मुळाक्षरांचा एक तक्ता घरी लिहून न्या. त्याच ठिकाणी सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याची पोढी दिल्याचाही लेख आहे. म्हणजे कल्याण लेण्याद्रीला आणि सोपारा नाणेघाटाला.

अक्षरांना हात लावू नये, खडू फिरवू नये, फोटो उठावदार यावा म्हणून पाणीही टाकू नये. दगड ठिसूळ झाला आहे.

घाटवाट (डोंबिवली)

‘अक्षरवाट’ यांनी लिहिलेले वाचून माझ्या आखणीत एक बदल सुचवतो. लेण्याद्री आणि शिवनेरी एकाच सकाळी करू नयेत. मुलगी दोन्ही चढेल, पण दुसऱ्या ठिकाणी तिचे लक्ष लागणार नाही. पहिल्या दिवशी खिरेश्वर सोडावे, त्याऐवजी जुन्नरच्या अलीकडे लेण्याद्री करावी, जेवून नाणेघाटाला जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी, मग सगळ्यांनी मिळून तुळजा लेणी आणि गावातला घुमट.

नाणेघाटाहून परतताना पूर गावी कुकडेश्वराचे देऊळ वाटेजवळच आहे. कुकडी नदीच्या उगमाशी असलेले हे देऊळ परंपरेने शिलाहार राजा झंझ याच्याशी जोडले जाते. ज्यांच्या ताम्रपटांत ठाण्याचा श्रीस्थानक असा उल्लेख येतो आणि ज्यांच्या काळात १०६० मध्ये अंबरनाथचे शिवालय पूर्ण झाले, तेच हे उत्तर कोकणचे शिलाहार. उजेड असेल तर वीस मिनिटे थांबा.

ओतूरकर (वाशी)

ओझर सुटले म्हणून आईंना हुरहुर वाटेल, हे मी समजू शकतो. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी विघ्नहराच्या देवळाचे काम करवून त्यावर सोन्याचा कळस चढवला, असे सांगतात, तेव्हा ठाणेकरांचा त्या देवळाशीही जुना ऋणानुबंध आहे. दुसऱ्या दिवशी आई शिवनेरी चढणार नाहीत. तेवढ्या वेळात तुम्ही आणि आई ओझरला जाऊन येऊ शकाल. देऊळ सपाटीवर आहे, सकाळी गर्दीही कमी असते.

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही गेल्या रविवारी परत आलो, म्हणून ज्यांना पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवते.

लेण्याद्रीला आम्ही पावणेदहाला पोहोचलो. आईने डोली नको म्हटले आणि प्रत्येक कट्ट्यावर बसत पन्नास मिनिटांत ती स्वतः वर आली. दर्शन झाल्यावर चैत्यगृहात आम्ही जवळजवळ तासभर होतो. मुलीने घरून नेलेल्या तक्त्यावरून ‘क’ आणि ‘ण’ ही अक्षरे बोट न लावता शोधून दाखवली. सुलसदत कल्याणचा होता, हे आईला सांगितले तेव्हा तिने आत जाऊन स्तूपाला पुन्हा एकदा नमस्कार केला.

नाणेघाटाच्या लेण्यापर्यंत आई आली नाही, ‘घाटवाट’ यांनी लिहिले होते तशी खिंडीच्या तोंडाशी बसून राहिली. वारा फार असतो, तेव्हा कानाला रुमाल आणि अंगावर शाल हवीच. लेण्यात मुलीने पुतळ्यांच्या पायांच्या खुणा मोजायला घेतल्या, पण कुठे एक संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो ते आम्हाला ठरवता आले नाही. भिंतीवरच्या आकड्यांपैकी हजाराची खूण तिला सापडली, बाकीच्या ओळखण्यासाठी विजेरी तिरकी धरावी लागते आणि आम्ही ती गाडीतच विसरलो होतो. कुकडेश्वराला पोहोचेपर्यंत अंधारू लागले होते, म्हणून ‘ओतूरकर’ यांचे सांगणे आठवून आम्ही न थांबता सरळ जुन्नर गाठले.

दुसऱ्या दिवशी यजमान आणि मुलगी शिवनेरीवर गेले, आई आणि मी ओझरला. अकरा वाजता सगळे एकत्र आल्यावर तुळजा लेणीला गेलो. ‘अक्षरवाट’ यांना सांगावेसे वाटते, की आईने त्या गोल चैत्यगृहात पाच प्रदक्षिणा घातल्या आणि तिला तिथून निघावेसे वाटत नव्हते. तिथपर्यंतचा चढ तिला झेपला.

कल्याण पेठेतून आम्ही चालत गेलो. सौदागर घुमट मात्र राहिला, कारण तुळजा लेणीत वेळ कसा गेला ते कळले नाही. परतताना आम्ही दुपारी साडेचारला निघालो आणि ती चूक झाली. कांब्यापासून शहाडपर्यंत दीड तास लागला. रविवारी परतायचे असेल तर जुन्नर दोनच्या आत सोडावे, किंवा रात्री जेवूनच निघावे.